राग कामावरचा, त्रास घरादाराला

मंचरचा बाजार असो, चाकणचा कारखाना असो की गावातील दूध डेअरी, वादाचे प्रसंग सगळीकडे येतात. साहेब चारचौघांत बोलतात, गिऱ्हाईक अरेरावी करते आणि आपले डोके भणभणते. तेथे बोलता येत नाही. मग राग घरी बायकामुलांवर निघतो.

राग आला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक स्रवते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्तदाब वाढतो. संकटाला तोंड देण्याची ही नैसर्गिक तयारी होय. मात्र ती रोजचीच झाली तर झोप उडते, डोके दुखते आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा त्रास वाढतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांना समजावून दिली. तिचे सार असे, की आपल्याला केवळ घटना अस्वस्थ करीत नाही. तिच्याविषयीचा आपला विचार अस्वस्थ करतो.

समजा, मुकादमाने दोघांना एकदमच सुनावले. पहिला मनाशी म्हणतो, ‘मला कोणी असे बोलताच कामा नये!’ तो दिवसभर धुमसतो. दुसरा म्हणतो, ‘नीट बोलले असते तर बरे झाले असते, पण त्यामुळे मी नालायक ठरत नाही.’ त्यालाही वाईट वाटते, पण तो कामाला लागतो. पहिल्याच्या विचारात हट्ट आहे, दुसऱ्याच्या विचारात इच्छा.

यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात :

१. उत्तर देण्यापूर्वी थांबावे. चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडावा.

२. हा राग आहे, अपमान आहे की नोकरीची भीती, हे ओळखावे.

३. आपण कोणता हट्ट धरला आहे, हे स्वतःला विचारावे.

४. शांत झाल्यावर एकांतात स्पष्ट सांगावे : ‘साहेब, सर्वांसमोर बोललात त्याचे वाईट वाटले. चूक झाल्यास बाजूला घेऊन सांगावे.’

संयम म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. महाळुंगे पडवळचे सुपुत्र, गिरणी कामगार हुतात्मा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले. हात न उगारताही ठाम विरोध करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. अंगात ताप असताना आपण दवाखान्यात जातोच. मनाच्या दुखण्यासाठी जाण्यातही कमीपणा नाही.