इंग्रजीतील ‘चा-ची-चे’

आमच्या बँकेत येणाऱ्या इंग्रजी अर्जांत ‘माय ब्रदर्स अकाउंट’ हे शब्द पुष्कळदा असतात, पण ॲपॉस्ट्रॉफीचा, म्हणजे ओळीच्या वर टांगलेल्या त्या स्वल्पविरामाचा, पत्ता नसतो. खाते एका भावाचे की दोघा भावांचे, हे मग आम्हाला विचारावे लागते.

मराठीत हे काम अनुस्वार करतो : भावाचे, भावांचे. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच. भेद फक्त लिहिण्यात. भाऊ एक असेल तर खूण ‘एस’च्या आधी, अनेक असतील तर नंतर. ‘पीपल’ हा शब्द मात्र ‘एस’ न लागताच अनेकवचनी आहे. म्हणून बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावात खूण ‘एस’च्या आधी येते.

न वटलेल्या धनादेशाच्या चिठ्ठीवर ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’ असे कारण असते. सही ड्रॉअरची, म्हणून पहिल्या शब्दात खूण हवी. शेवटचा ‘एस’ क्रियापदाचा, तिथे नको.

‘इट्स’पाशी पदवीधरही फसतात. (आम्हीही फसलो आहोत.) ‘त्याचे’ या अर्थी तिथे खूण नसते. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य वाचावे. अर्थ लागला तरच खूण द्यावी.