गोबरगॅसच्या मळीचें खत

पालघर जिल्ह्यांतील डहाणू तालुक्यांत गंजाड व आसपासच्या गांवीं भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. उन्हाळ्यांत शेण, पाला व डहाळ्या जमिनीवर पसरून पेटवितात. त्यानें तण मरतें व राखेंत पालाश राहतो हें खरें. परंतु शेणांतील नत्र धुराबरोबर निघून जातो. ज्या घरीं गोबरगॅसचें यंत्र आहे तेथें त्याच शेणावर चूल पेटून खतही हातीं राहतें. मात्र यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या मळीची निगा पुष्कळ ठिकाणीं राखली जात नाहीं. म्हणून तिचा विचार आम्ही येथें करीत आहों.

ही विद्या आपणांस नवी नाहीं. मुंबईस माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत 1897 सालीं मैल्यापासून वायु काढून दिवे लावीत. बंद टाकींत हवेवांचून शेण कुजलें म्हणजे मिथेन व कर्बाम्ल वायु निघतात. त्यांबरोबर कर्बाचा कांहीं भाग जातो. नत्र, स्फुरद व पालाश बहुतेक सर्व मळींतच राहतात.

आतां हिशेब पाहूं. दोन घनमीटरच्या यंत्रास रोज सुमारें 50 किलो शेण व तितकेंच पाणी लागतें. ताज्या शेणांत नत्र शेंकडा 0.3 भाग धरिला तरी तो रोज 150 ग्रॅम, म्हणजे वर्षास सुमारें 55 किलो होतो. युरियाच्या 45 किलोंच्या अडीचांहून थोड्या अधिक गोण्यांत इतका नत्र असतो. मळींतला सगळा नत्र पिकास लगेच मिळत नाहीं. पण त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपानें पाण्यांत विरघळलेला असतो, व तो पीक लवकर घेतें. मळी उन्हांत वाळविली कीं नेमका हाच भाग हवेंत उडतो. ओढ्यास सोडली तर खतही जातें आणि पाणीही नासतें.

यासाठीं यंत्राच्या तोंडाशीं दोन खड्डे खणावे. तळाशीं वीतभर सुका पाला, गवत किंवा पेंढा घालून त्यावर मळी सोडावी, व असेच थर देत जावें. पाला मळीचें पाणी शोषून घेतो. खड्डा भरल्यावर मातीनें झांकून तीन-चार महिने कुजूं द्यावा. तोंवर दुसरा भरतो. आपल्याकडील पावसांत उघडा खड्डा टिकणार नाहीं. वर छप्पर व भोंवतीं बांध अवश्य पाहिजे.

चिकूस ताजी मळी द्यावयाची तर तींत तितकेंच पाणी मिसळून आळ्यांत, खोडापासून दूर ओतावी व लगेच मातीआड करावी. कोंवळ्या रोपांवर दाट मळी घालूं नये, तीं करपतात.

राब एकदम सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं. खताच्या वाफ्यांत तण अधिक येईल व खुरपणी वाढेल. म्हणून यंदा एका वाफ्यांत राब भाजावा, शेजारच्या वाफ्यांत कुजलेलें मळीखत मिसळावें, आणि लावणीच्या वेळीं दोन्हीकडचीं रोपें शेजारीं ठेवून ज्यानें त्यानें आपला निर्णय करावा.