सुटून आलेल्याचे मत



तुरुंगात जाऊन आलेल्याचे मत कायमचे जाते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 62(5) नुसार कैदेत वा पोलीस कोठडीत असेपर्यंतच मतदान करता येत नाही, मग खटल्याचा निकाल लागलेला नसला तरीही. जामिनावर किंवा शिक्षा भोगून सुटलेला मत देऊ शकतो. निवडणुकीतील काही गुन्ह्यांचा तेवढा अपवाद. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास सुटकेनंतर सहा वर्षे उमेदवार होता येत नाही. समजाचा घोटाळा इथेच होतो.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर असा कोणी परतला असेल, तर मतदारयादीत त्याचे नाव पाहा. नसल्यास नमुना 6 भरायला तहसील कार्यालयात सोबत जा. न्यायालयाची शिक्षा त्याने भोगली. गावाने तिच्यात भर घालू नये.