कच्चा खर्डा दाखवायची जागा

महाराष्ट्रात प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी संदर्भसूची जुळवताना कधी ना कधी ‘पर्ड्यू आउल’चं पान उघडलेलं असतं. एपीए शैलीत वर्ष कुठे टाकायचं, दोन लेखक असतील तर नावं कशी जोडायची, संकेतस्थळाचा संदर्भ कसा द्यायचा, सगळं तिथे फुकट मिळतं. हे पान ज्या ‘रायटिंग लॅब’ने उभं केलं, ती अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठात आहे. म्युरिएल हॅरिस या प्राध्यापिकेने ती 1976 मध्ये सुरू केली. तिथे टेबलाशी शेजारी बसून विद्यार्थ्याच्या लेखनाबद्दल बोलणारी माणसं असतात. पण आपल्याकडून एमएस करायला अमेरिकेत गेलेली पोरंसुद्धा अनेकदा पहिलं सत्र संपेपर्यंत असल्या केंद्राकडे फिरकत नाहीत.

नाव रायटिंग सेंटर असो, रायटिंग लॅब असो की आणखी काही, अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत अशी सोय असते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. लाखांच्या घरात फी भरून गेलेल्या मुलाने ती न वापरणं म्हणजे निव्वळ नुकसान.

न वापरण्यामागे एक गैरसमज असतो. परदेशी शिक्षणाच्या निमित्ताने घराशी संबंध आलेला पहिला ‘कन्सल्टंट’ बहुधा आपल्याच शहरातल्या ऑफिसातला असतो. विद्यापीठांची यादी, व्हिसाची तयारी आणि ‘एसओपी करून देऊ’ असं सगळं त्याच्या पॅकेजमध्ये येतं. मुलगा दोन पानं माहिती पाठवतो आणि चार दिवसांत गुळगुळीत इंग्रजीतलं निवेदन हातात पडतं. तिकडचा रायटिंग कन्सल्टंटही असंच काहीतरी करून देईल, या अपेक्षेने मुलं जातात आणि हिरमुसून परततात. कारण तिथे कोणी काही लिहून देत नाही. पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहतं.

तिथे काय होतं ते एका नमुन्यावरून पाहू. असं धरा, कराडहून मेकॅनिकल करून गेलेली एक मुलगी पाच पानी अहवाल घेऊन आली आहे. विषय आहे एका बेअरिंगच्या बिघाडाचा. समोर बसलेली कन्सल्टंट बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे हिच्यापेक्षा वयाने लहान, आणि विषय जीवशास्त्र. ‘मॅडम’ म्हणायची सोय नाही, नावानेच हाक मारायची. ही आपल्याला काय शिकवणार, हा प्रश्न मनात येणारच.

कन्सल्टंटचा पहिला प्रश्न व्याकरणाचा नसतो. “प्राध्यापकांनी नेमकं काय मागितलंय?” असं ती विचारते. असाइनमेंटचा कागद सॅकमधून शोधून काढावा लागतो. मग ती विद्यार्थिनीलाच मोठ्याने वाचायला सांगते. पहिलं वाक्य असतं ‘विथ द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ टेक्नॉलॉजी इन टुडेज वर्ल्ड...’ आपल्याकडच्या निम्म्या प्रोजेक्ट रिपोर्टांची सुरुवात अशीच होते. कन्सल्टंट शांतपणे विचारते, “हे वाक्य काढलं तर काय बिघडेल?” काहीच नाही. दुसरा परिच्छेद बेअरिंगच्या इतिहासाचा, तोही काढला तर चालतं. बिघाड कशामुळे झाला हे चौथ्या पानाच्या तळाशी येतं. तेवढं एक वाक्य मुलगी जरा ठासून वाचते, कारण ते तिचं स्वतःचं असतं.

मग कोरा कागद पुढे येतो. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एकेका ओळीत लिहायचं. याला तिकडे रिव्हर्स आउटलाइन म्हणतात. नऊ ओळी लिहून झाल्यावर दिसतं की तीन परिच्छेद एकच गोष्ट सांगताहेत आणि पुरावा कुठेच नाही. उरलेल्या वेळात ‘अ’ आणि ‘द’ची गाडी येते. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपली मुलं इथे हमखास अडखळतात. कन्सल्टंट एका परिच्छेदात दोन-तीन जागा दाखवते आणि बाकीच्या शोधायला सांगते. अर्धा-पाऊण तास झाला की वेळ संपते. विद्यार्थिनी घरी जाऊन अहवाल पुन्हा लिहिते.

हा क्रम ठरवून पाळलेला असतो. आधी मुद्दा, मांडणी आणि पुरावा, त्यानंतर वाक्यं आणि स्वल्पविराम. जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचा, त्यातल्या चुका आज कशाला दुरुस्त करायच्या? स्टीफन नॉर्थ या अभ्यासकाने 1984 मध्ये इंग्रजीच्या प्राध्यापकांनाच एका लेखातून झापलं होतं. केंद्र म्हणजे कच्च्या मुलांचे निबंध धुऊन देणारी लाँड्री असल्यासारखं वागू नका, तिथे लिहिणारा माणूस घडवायचा असतो, असा त्याचा रोख होता. आजही बहुतेक केंद्रांच्या प्रशिक्षणात हा लेख वाचायला देतात.

आपल्या मुलांना हे जड का जातं, याचं उत्तर इकडच्या सबमिशनच्या आठवड्यात आहे. जर्नल सीनियरकडून घेऊन उतरवायचं, काचेखाली दिवा लावून शीटची जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची, सरांची सही मिळाली की टर्मवर्क झालं. चार वर्षं हेच केलेल्या मुलाला दुसऱ्याचं वाक्य न सांगता उचलणं हा गुन्हा वाटतच नाही. अमेरिकेत तो थेट विद्यापीठाच्या शिस्तीचा प्रश्न होतो. त्या असाइनमेंटला शून्य, कोर्समध्ये नापास, गंभीर प्रकरणात निलंबन, आणि निलंबन झालं की विद्यार्थी व्हिसाही धोक्यात. कोणाचा विचार कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, हे कागदावर कसं दाखवायचं ते केंद्रात शांतपणे समजावून घेता येतं. चौकशीची नोटीस आल्यावर शिकण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे 2022 च्या अखेरीपासून, यात भर पडली आहे. काय चालतं आणि काय नाही हे प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसवर ठरतं. एक प्राध्यापक परवानगी देतो, शेजारच्या वर्गातला पूर्ण बंदी घालतो. सिलॅबस घेऊन केंद्रात गेलं तर निदान विचारायचं काय आणि कोणाला, ते कळतं.

आता पालकांच्या शंका.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला तिथे कमी लेखतील का? ही केंद्रं वाढली तीच मुळी अशा विद्यार्थ्यांमुळे. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 मध्ये शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण मुलांना सरसकट प्रवेश खुला केला. स्थलांतरितांची, कामगारांची, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुलं हजारोंनी आली. प्राध्यापक अपुरे पडले, तेव्हा ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देऊन एकमेकांशेजारी बसवलं. आजही या टेबलांवर परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. पीएचडी करणारेही येतात.

तिथे गेल्याची नोंद मार्कांवर परिणाम करते का? नाही. कन्सल्टंट गुण देत नाही, आणि भेटीचा वृत्तान्त सहसा विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय प्राध्यापकाकडे जात नाही.

आम्ही फोन करून चौकशी केली तर? करू नका. 1974 च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. फी बाबांनी भरली म्हणून माहिती बाबांना मिळत नाही. नाशिकहून रात्री जागून केलेल्या फोनला तिकडून अतिशय नम्र नकार येईल.

टेबलाच्या पलीकडे कोण बसतं, हे विद्यापीठागणिक बदलतं. एमआयटीत (केंब्रिजच्या, कोथरूडच्या नव्हे) लेखन-संवाद शिकवणारे अनुभवी अध्यापक बसतात. ब्राउन विद्यापीठात 1982 पासून पदवीचे विद्यार्थीच ‘रायटिंग फेलो’ म्हणून एकेका कोर्सला जोडले जातात. इतर अनेक ठिकाणी पदवीचे आणि पीएचडीचे विद्यार्थी मिळून काम पाहतात आणि सगळे इंग्रजी साहित्याचे नसतात. अर्थशास्त्राचा कन्सल्टंट इतिहासाचा निबंध ऐकतो. विषय माहीत नसणं इथे उपयोगी पडतं, कारण त्याला न समजलेली जागा बहुधा खरोखरच नीट लिहिलेली नसते.

करिअरच्या दृष्टीने एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ही नोकरी आपली मुलंही करू शकतात. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. कॅफेटेरियातल्या ट्रे उचलण्यात काही कमीपणा नाही, पण लेखनाचा नमुना आणि प्राध्यापकाची शिफारस देऊन, मुलाखत आणि प्रशिक्षण पार पाडून हे काम मिळालं तर त्याचा उपयोग पुढे नोकरीत होतो. विस्कॉन्सिन-मॅडिसन, मार्क्वेट आणि मेन या विद्यापीठांतल्या 126 माजी ट्यूटरांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वकील, डॉक्टर, शिक्षक, व्यवस्थापक अशा वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या या लोकांनी ऐकून घेण्याची, प्रश्न विचारण्याची आणि दुसऱ्याचं लेखन पारखण्याची सवय तिथेच लागल्याचं सांगितलं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वावरलेल्या मुलाला अडखळणाऱ्याची अडचण लवकर कळते, ही त्याची जमेची बाजू.

भारतात असं केंद्र अजून विरळाच. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात ते आहे. आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत भाषा विभाग असतात, पण खर्डा घेऊन जावं अशी खोली नसते. यूजीसीने नॅकच्या गुणांइतकी आस्था याबाबत दाखवली, तर पीएचडीच्या विद्यार्थ्यांची निम्मी फरफट वाचेल.

यंदा ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी एवढं करावं. ओरिएंटेशनच्या आठवड्यातच केंद्राच्या संकेतस्थळावर खातं उघडून सप्टेंबरमधली एक वेळ राखून ठेवा. सोबत असाइनमेंटचा कागद, सिलॅबस, असेल तेवढा खर्डा आणि दोन नेमके प्रश्न न्या. खर्डा एकाच पानाचा असला तरी चालतो, काहीच लिहिलेलं नसलं तरी चालतं. नोव्हेंबरच्या अखेरीस, परीक्षा तोंडावर आल्यावर मात्र वेळ मिळेलच असं नाही, कारण तेव्हा सगळेच रांगेत असतात.