पानकोबी आणि घरची माउली

वाचा : दानीएल १:८–१६.

बाबेलच्या राजवाड्यात चार तरुणांनी राजाची पक्वान्ने नाकारून भाजीपाला व पाणी मागितले, आणि दहा दिवसांच्या अखेरीस त्यांचे चेहरे इतरांहून सतेज दिसले, हे आपण आजच्या पाठात वाचतो. हा देवाचा अनुग्रह होता, भाजीची जादू नव्हे. तथापि भूमीतून देवाने जे उपजविले ते तुच्छ लेखू नये, हा बोध त्यातून खचित घ्यावा. म्हणून पानकोबीविषयी आम्ही चार शब्द लिहितो.

ही भाजी मूळची आपल्या देशातील नव्हे. ती युरोपियन लोकांबरोबर इकडे आली. पूर्वी लांबच्या जलप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त वाही व पुष्कळ जण मरत. कॅप्टन जेम्स कुक याने १७६८ साली निघालेल्या सफरीत आंबविलेली कोबी बरोबर नेली होती. त्या रोगाचे कारण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव हे होय, असे विसाव्या शतकात सिद्ध झाले. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत हे सत्त्व सुमारे ३५ मिलिग्रॅम असते. स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागते. शिवाय कोबीतील चोथ्याने कोठा साफ राहतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका घरी भेटीस गेलो. घरची माउली फिकट दिसत होती. पाण्याची घागर आणताना तिला धाप लागे. चुलीवर कोबी शिजून लगदा झाली होती, आणि तिचे पाणी गाईच्या घमेल्यात ओतले गेले. सर्व जेवल्यावर त्या बाईच्या वाट्यास भाकर व मिरची एवढेच उरले. दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी तिने चहाबरोबर घेतली. बंधूंनो, त्या घरात अन्नाची वाण नव्हती. ज्ञानाची व विचाराची होती.

ज्वारी व तुरीची डाळ ह्यांत लोह असते, परंतु ते शरीरात सहज मुरत नाही. त्याच जेवणात 'क' सत्त्व असले म्हणजे ते अधिक मुरते. चहाने उलट अडते. हे सत्त्व उष्णतेने नाश पावते व पाण्यात उतरते. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्या :

१. वरची पाने काढून टाकावी, उरलेली सुटी करून वाहत्या पाण्याने नीट धुवावी. पानांत माती, जंतांची अंडी व फवारणीचे औषध राहू शकते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली, हे विसरू नये.

२. चिरून ठेवू नये. थोड्या पाण्यात झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवावी, आणि उरलेले पाणी वरणात घालावे.

३. स्वच्छ धुतलेली थोडी कोबी बारीक चिरून, मीठ व लिंबू घालून भाकरीबरोबर खावी. चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी घ्यावा.

एक सावधगिरी : रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी, तसेच गलगंडाचा विकार असणाऱ्यांनी, डॉक्टरांस विचारून कोबीचे प्रमाण ठरवावे. आणि ज्या बाईस धाप लागते तिने केवळ भाजीवर विसंबू नये; रक्त तपासून घ्यावे व गोळ्या सोडू नयेत.

शिक्षकबंधूंनी येत्या रविवारी मंडळीस दोन प्रश्न विचारावे. आमच्या घरी शेवटी कोण जेवते? आणि तिच्या ताटात काय उरते? प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. त्याचे म्हणविणाऱ्या पुरुषाने आपल्या पत्नीच्या ताटात अगोदर भाजी वाढली, तर त्यात त्याचा मान कमी होणार नाही.