पोट दुखतं म्हणून पिशवी काढायची?

आमच्या पिशोर भागात बाईचं पोट महिनोन्‌महिने दुखत राहिलं की सल्ल्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी ‘गॅस असेल’, मग ‘पित्त’, मग बेंबी सरकली म्हणून चोळून घ्यायचं. त्यानंही थांबलं नाही तर ‘पिशवी खराब झाली, काढून टाक’. मी या सगळ्यांतून गेले, पण शेवटच्या सल्ल्यापाशी थांबले.

कळ यायची ती बेंबीच्या उजवीकडे, खालच्या बाजूला. जेवलं की वाढायची. पोटात गुरगुरायचं, गोळा वर आल्यासारखा वाटायचा आणि विरून जायचा. कधी जुलाब, तर कधी संडास साफच नाही. दिवस कलला की अंगात कसकस. अद्रकीच्या रानात वाकून काम होईना, ब्लाउज सैल झाले. लोक म्हणायचे, उन्हातान्हात राबणारी बाई वाळणारच.

एका खाजगी दवाखान्यात अंगावरून पांढरं जातं एवढं ऐकलं आणि निकाल मिळाला : पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. सासूबाई म्हणाल्या, “लेकरं झाली, आता तिचं काय काम?” शेजारची एक जण ऊसतोडीला जाते. तिची पिशवी आधीच काढलेली. ती म्हणाली, “पिशवी गेली बाई, दुखणं तिथंच हाय.” त्या वाक्यानं मी तारीख घेतली नाही.

हे एकट्यादुकट्या बाईचं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पुढं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असं बजावलं.

मी संभाजीनगरला घाटी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं : वजन किती घटलं? ताप कोणत्या वेळी येतो? पाळीत जास्त दुखतं का? पाळीचा आणि माझ्या दुखण्याचा काही संबंधच नव्हता. सोनोग्राफीत लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली भिंत जाड दिसली, गाठीही सुजलेल्या. मग दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला आणि आतड्याचा टीबी निघाला. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरी टीबी! आतड्यात टीबी झाला की बहुतेक वेळा तो त्या सांध्यावर बसतो. क्रोन नावाचा दुसरा आजार हुबेहूब असाच दिसतो, पण त्याची काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि टीबी असेल तर तो उसळतो. म्हणून तुकडा तपासणं टाळायचं नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या. शिवाय निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला १,००० रुपये झालेत.

आता तुमच्यासाठी.

डॉक्टरकडं जाण्याआधी वहीत लिहा : कुठं दुखतं, कधी, जेवणाआधी की नंतर, पाळीशी जुळतं का, संडास कशी, ताप, वजन. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीत किंवा खांद्यात गेली तर पित्ताशयातल्या खड्याची शंका येते. कमरेच्या बाजूनं जांघेत उतरणारी कळ मूतखड्याची असू शकते. सांधेदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून आणून रोज घेत असाल तर तेही सांगा. त्यांनी जठरात अल्सर होऊ शकतो.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे काही नाही, असं समजू नका. आतड्यातल्या हवेमुळं तिला बरंच दिसत नाही. आणि सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तरी दुखणं खोटं ठरत नाही. आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडूनही पोट खरोखर दुखतं, त्यावर उपचार आहेत.

वजन घटणं, ताप, काळी किंवा रक्ताची संडास, वारंवार उलट्या, कावीळ, पोटात गाठ, झोपेतून उठवणारी कळ : यातलं एक जरी असलं तरी गॅसच्या गोळीवर दिवस काढू नका. पोट एकाएकी लाकडासारखं कडक झालं तर थेट १०८ ला फोन करा.

पांढरं पाणी बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. तेवढ्यावरून गर्भाशय काढायचं कारण नाही. गर्भाशय काढलं की पाळी कायमची बंद होते, त्यासोबत अंडाशयंही गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढणं कधीकधी खरंच गरजेचं असतं, म्हणून तर आधी विचारायचं : आजार कोणता? कोणत्या तपासणीवरून? दुसरं काय असू शकतं? ऑपरेशनशिवाय उपाय आहे का? उत्तरं कागदावर मागा. सगळे रिपोर्ट तारखेनं एका फायलीत लावा, सोनोग्राफीची फिल्म दवाखान्यात सोडू नका. तातडी नसेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ती फाईल दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि तो पहिल्या डॉक्टरच्याच ओळखीतला नको.