लातूर : समुद्रावांचून वाढलेली पेठ

गांव कोठें वसतें आणि कां वाढतें, हा प्रश्न इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांस सारखाच महत्त्वाचा आहे. कोंकणांतील दाभोळ किंवा राजापूर यांच्या भरभराटीचें कारण सहज सांगतां येतें. खाडी होती म्हणून गलबतें आलीं, व गलबतें आलीं म्हणून पेठ झाली. आपल्या मराठवाड्यांतील नांदेडास गोदावरीचा आधार आहे. परंतु लातुरास समुद्र नाहीं, गांवाशीं मोठी नदीहि नाहीं. तें नामांकित बाजारपेठ कसें झालें, याचा विचार आपण येथें करूं.

गांव फार जुनें आहे. नवव्या शतकांतील राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या लेखांत 'लट्टलूर नगराचा अधिपति' अशा अर्थाचें बिरुद आढळतें. हें लट्टलूर म्हणजेच लातूर, असें अनेक अभ्यासक मानतात. तथापि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट झाली, आणि मूळ गांवाकडे केवळ नांवाचा मान राहिला.

खरी वाढ विसाव्या शतकांतली. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची लहान गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली व १९११ सालीं लातुरास येऊन पोंचली. कुर्डुवाडी मुंबई-मद्रास या मोठ्या मार्गावर असल्यामुळें, लातूरचा माल आतां मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊं लागला. शिवाय गाडी लातुरासच संपत असे. म्हणून भोंवतालच्या काळ्या जमिनींतील धान्य, कापूस व गळिताचा माल बैलगाड्यांनीं येथेंच आणणें सोयीचें होतें. बंदरास जें समुद्रानें दिलें, तें लातुरास या चिमुकल्या रुळांनीं दिलें.

पेठेची रचनाहि विचारपूर्वक झाली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणें १९१७ सालीं गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. तिच्या मध्यभागीं जगदंबेचें मंदिर असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफी, मिरची, गूळ, जोडे अशा निरनिराळ्या जिनसांचे बाजार या रस्त्यांवर भरूं लागले. पुढें १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, आणि १९८२ सालीं उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला.

परंतु या वाढीस एक उणेपणा होता. वस्ती वाढली, पाणी वाढलें नाहीं. शहराचा भरंवसा मांजरा धरणावर. तें सततच्या अवर्षणानें कोरडें पडलें, तेव्हां एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्याची आगगाडी आणावी लागली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी आलें. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा मार्ग जुन्या लाइट रेल्वेचाच, मात्र आतां रुंद केलेला. ज्या वाटेनें शंभर वर्षें माल बाहेर गेला, त्याच वाटेनें शहरास पिण्याचें पाणी आलें.

यावरून आपण इतकें ध्यानांत ठेवावें कीं, रस्ते व रूळ माणसांना एकत्र आणतात, पण त्यांना तेथें नांदवितें तें पाणी. आपल्या गांवाचा इतिहास अभ्यासतांना त्यांतील विहिरी, बारवा व ओढे हेहि आपण पाहिले पाहिजेत.